इयागोचं सगळं उसनं : ‘ऑथेल्लो’ अभिवाचनाच्या नोंदी

३ जून
शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं अभिवाचन नक्की झालं. वाचक, टेबलं, दिवे, बाकी काही नाही. संहिता माझ्याकडे. अख्खं नाटक वाचायचं तर तीन तास कुठेच जात नाहीत. आम्हाला दोन तासांत बसवायचंय, म्हणजे कात्री लागणारच. पण त्याआधी इयागोचं प्रत्येक वाक्य तपासून काढतो आहे. इयागो हा सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा माणूस. बायको डेस्डेमोनाचं कॅसिओशी सूत आहे असा संशय तो ऑथेल्लोच्या मनात भरवतो, आणि ऑथेल्लो तिचा जीव घेतो. तो फसवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या वाक्याने काय साधतो, हे मात्र त्याचं काम वाचणाऱ्याला ओळीगणिक ठाऊक हवं. नाहीतर गडी पहिल्या पानापासून दातओठ खात वाचणार.

चार रंगांच्या पेन्सिली घेतल्या. धडधडीत खोट्याला लाल. खऱ्याला हिरवा. खरं पण अर्धवट असेल तर पिवळा. प्रश्न, उद्गार आणि समोरच्याचाच शब्द परत करणं, याला निळा.

या माणसाच्या वाट्याला अकराशेच्या आसपास ओळी आहेत, ऑथेल्लोपेक्षा जास्त. नाटकाला नाव एकाचं आणि बोलतो दुसराच.

५ जून
पाठ कुठला धरायचा यावर थोडी खटपट. १६०४ च्या १ नोव्हेंबरला व्हाइटहॉलच्या राजवाड्यात प्रयोग झाल्याची नोंद आहे, पण छापील नाटक हाती येतं ते थेट १६२२ ची क्वार्टो (लहान आकाराची सुटी प्रत) आणि १६२३ चा फोलिओ (मोठ्या आकाराचा नाट्यसंग्रह). फोलिओत दीडशेहून जास्त ओळी अधिक आहेत आणि डेस्डेमोनाचं विलोच्या झाडाचं गाणं फक्त तिथेच आहे. उलट देवाच्या नावाने घेतलेल्या शपथा क्वार्टोत भरपूर, फोलिओत गाळलेल्या. १६०६ च्या कायद्याने रंगभूमीवर देवाचं नाव असं वापरायला बंदी घातली, त्याचा हा परिणाम. आम्ही फोलिओ धरणार, शपथा मात्र क्वार्टोतून परत आणणार. सैनिकांच्या तोंडी त्या हव्यातच.

८ जून
पहिला अंक रंगवून झाला. पहिल्याच प्रवेशात एक गोष्ट डोळ्यांत भरली. व्हेनिस, मध्यरात्र, डेस्डेमोनाचा बाप ब्रॅबॅन्शिओ याच्या घराखाली इयागो आणि तिच्या मागे लागलेला रॉडेरिगो ओरडताहेत, की तुझी मुलगी ऑथेल्लोकडे पळून गेली. रॉडेरिगो स्वतःचं नाव सांगतो. इयागो सांगत नाही. तू कोण असा प्रश्न आल्यावरही नाव न सांगता तो आणखी घाणेरडं बोलतो. म्हातारा शेवटी बजावतो : याचा जाब तुला द्यावा लागेल, मी तुला ओळखतो, रॉडेरिगो. म्हणजे शिव्या इयागोच्या आणि जाब रॉडेरिगोने द्यायचा.

लगेच पुढच्या प्रवेशात हाच इयागो ऑथेल्लोच्या शेजारी उभा आहे. तो माणूस तुमच्याबद्दल इतकं वाईटसाईट बोलत होता की बरगडीत सुरा खुपसावासा वाटला, असं सांगतोय. वाईटसाईट बोललं कोण? हाच. ही ओळ लाल. पण लाल रंगातही गंमत अशी की मजकूर बनावट नाही, फक्त बोलणारा बदललेला आहे.

हे दोन प्रवेश मध्ये श्वास न घेता सलग वाचायचे. प्रेक्षकाच्या कानात पहिलं ताजं असतानाच दुसरं पडलं पाहिजे.

१२ जून
आजची बैठक हेतूवरून अडली. इयागो हे सगळं का करतो? बढती हुकली म्हणून? लेफ्टनंटची जागा फ्लोरेन्सच्या कॅसिओला मिळाली आणि हा निशाणबरदारच राहिला, हे पहिल्या पानावरच आहे. मग स्वगतात येतं की ऑथेल्लोचा आपल्या बायकोशी संबंध असल्याची कुजबुज आहे. खरी का खोटी ठाऊक नाही, पण खरी धरून चालतो, असं तो स्वतःच म्हणतो. दुसऱ्या अंकात कॅसिओवरही तोच संशय, आणि वर डेस्डेमोना आपल्यालाही आवडते म्हणे. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने याला हेतूशून्य दुष्टाव्याने चालवलेला हेतूंचा शोध म्हटलं होतं. दिग्दर्शकाला एकच कारण हवंय, वाचणाऱ्याला धरायला सोपं जातं म्हणून.

शेक्सपिअरने नाटक जिच्यावरून रचलं ती चिंथिओची मूळ गोष्ट मी पुढे ठेवली, १५६५ ची, इटालियन. तिथल्या निशाणबरदाराला नाव नाही, पण कारण सरळ आहे : डिस्डेमोनावर जीव जडला, तिने लक्ष दिलं नाही, प्रेमाचा द्वेष झाला. शेक्सपिअरकडे हे तयार कारण होतं. ते त्याने एका ओळीपुरतं ठेवलं आणि पुढे सोडून दिलं. याचा अर्थ एकाच कारणाची गरज त्याला तरी वाटली नाही. आम्हीही शोधत बसणार नाही. प्रत्येक स्वगतातलं कारण त्या त्या वेळी खरं मानून वाचायचं. चहाच्या वेळेपर्यंत वाद चालू होता, पण ठरलं हेच.

१६ जून
दुसऱ्या अंकातला दारूचा प्रवेश. सायप्रसमध्ये उत्सव आहे, तुर्की आरमार वादळाने परस्पर बुडवलंय. कॅसिओ आधीच सांगतो की मला दारू सोसत नाही, एक पेला झालाय, तोही पाणी घालून. इयागो गाणी म्हणत त्याला आणखी पाजतो. तो बाहेर गेल्यावर सायप्रसचा आधीचा कारभारी माँटानो याच्या कानात टाकतो : याचं रोजचंच आहे, प्याल्याशिवाय झोप नाही. लाल पेन्सिल. मग रॉडेरिगोला कॅसिओच्या अंगावर सोडतो. मारामारी होते, माँटानो जखमी होतो, घंटा वाजते, ऑथेल्लो झोपेतून उठून येतो.

आता साक्ष कोण देणार? अर्थात प्रामाणिक इयागो. आधी म्हणतो, कॅसिओविरुद्ध बोलण्यापेक्षा ही जीभ छाटलेली बरी. मग सांगतो : मी आणि माँटानो बोलत होतो, एकजण मदतीसाठी ओरडत आला, मागून तलवार उपसून कॅसिओ. माँटानो त्याला आवरायला गेला, मी पळणाऱ्याच्या मागे धावलो, पण तो निसटला. पळणाऱ्याने कॅसिओचा काहीतरी अपमान केला असणार, सहन झाला नसेल बिचाऱ्याला.

ही साक्ष मी वाक्य-वाक्य तपासली. पाठलागाचं नाटक सोडलं तर जवळजवळ सगळं घडलेलंच आहे. गाळलं आहे ते एवढंच की पळणाऱ्याला पाठवलं कोणी. पान पिवळंधमक झालं. ऑथेल्लो काय म्हणतो? तू प्रेमापोटी सौम्य करून सांगतोयस. आणि कॅसिओची नोकरी तिथल्या तिथे जाते. दोषाची बाजू घेतल्याचं दाखवत दोष पक्का करणं इथे पहिल्यांदा नीट दिसतं, आणि पुढच्या अंकात हेच मोठ्या प्रमाणावर होणार आहे.

याच साक्षीत इयागो म्हणून जातो की कॅसिओच्या तोंडून असे शिव्याशाप आजवर कधी ऐकले नव्हते. रोज रात्री झिंगतो, असं ज्याला थोड्या वेळापूर्वी सांगितलं तो माँटानो तिथेच हजर आहे, रक्ताळलेला. त्याला हे खटकत नाही. आमच्या माँटानोला सांगितलंय की इथे मान जराशी वर कर, बोलू मात्र काही नको.

२० जून
रॉडेरिगोची सगळी पानं एकत्र काढली. लालेलाल. डेस्डेमोना कॅसिओवर भाळली आहे, ऑथेल्लो आता मॉरिटानियाला निघालाय, तुझे दागिने तिला पोचले, पैसे आण, पैसे आण, आणखी पैसे आण. इथे कलाकुसर नाही, कारण गरज नाही. रॉडेरिगोला जे ऐकायचंय ते त्याला फुकट मिळालं तरी तो विकत घेईल.

म्हणजे इयागोची एकच एक पद्धत आहे हे म्हणणं बाद. गिऱ्हाईक बघून तो माल काढतो. रॉडेरिगोला थाप पुरते, कॅसिओला चांगला सल्ला. आणि हा सल्ला खरंच चांगला आहे बरं का, डेस्डेमोनाकडे रदबदली माग, हे कोणीही भला माणूस सांगेल. स्वगतात तो प्रेक्षकांनाच विचारतो की मग मी दुष्ट कसा? कॅसिओच्या त्या पानावर हिरवी पेन्सिल चालवावी लागली याचा मला अजून राग येतोय.

२४ जून
तिसरा अंक, तिसरा प्रवेश. सगळं नाटक इथे आहे. दोन संध्याकाळी याच्यातच गेल्या आणि तरी संपलेला नाही.

सुरुवात एका उद्गाराने होते. कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जातो आणि इयागो स्वतःशी बोलल्यासारखं म्हणतो : हं, हे काही बरं नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही महाराज... किंवा... नाही, काही नाही. तो कॅसिओ होता ना? कॅसिओ? छे, तुम्हाला येताना पाहून चोरासारखा निघून जाणारा तो नव्हेच. नकारातच ‘चोरासारखा’ बसवलाय.

मग निळी पेन्सिल झिजली. तुम्ही बाईसाहेबांना मागणी घालत होतात तेव्हा कॅसिओला माहीत होतं? हो, का रे? सहज. आमच्यात निरोप्या तोच असायचा. असं? असं काय, त्यात तुला काही दिसतंय का, तो प्रामाणिक नाही का? प्रामाणिक, महाराज? हो, प्रामाणिक. मला माहीत आहे तेवढ्यापुरता. तुला वाटतं काय? वाटतं, महाराज?

ऑथेल्लो वैतागतो. फोलिओत तो इयागोलाच म्हणतो की तू माझेच शब्द मला परत करतोयस, जणू तुझ्या मनात काही भयंकर दडलंय. क्वार्टोत हेच वाक्य ‘तू’ ऐवजी ‘तो’ असं आहे, म्हणजे ऑथेल्लो ते स्वतःशी बोलतो. या एका ओळीपुरता मी क्वार्टोच्या बाजूने आहे. तोंडावर सुनावलं तर निदान जाब विचारल्यासारखं होतं, मनातल्या मनात म्हटलं की संशय घरच्या घरी राहतो. दिग्दर्शकाने मान्य केलं.

तर शोध असा : या प्रवेशात ऑथेल्लो इयागोची मानगूट धरून पुरावा मागेपर्यंत, डेस्डेमोनाने अमुक केलं अशी एकही बनावट घटना इयागोने सांगितलेली नाही. आपण पुराव्याबद्दल बोलतच नाही, असं तो उघड म्हणतो. मत्सरापासून सावध राहा, असं तोच बजावतो. व्हेनिसच्या बायकांवर एक सरसकट शेरा मारतो. आणि एक वाक्य टाकतो : तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलंच होतं. याला कुठला रंग? हिरवा. ऑथेल्लोही म्हणतो, हो, खरंय ते.

हे वाक्य इयागोचं नाहीच. पहिल्या अंकात दरबारातून जाताना ब्रॅबॅन्शिओ जावयाला म्हणून गेला होता : हिच्यावर नजर ठेव, बापाला फसवलं तशी तुलाही फसवेल. तेव्हा इयागो तिथेच उभा होता. वाक्य उचललं, ठेवून दिलं, वेळ आल्यावर काढलं.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ऑथेल्लो म्हणतो, डेस्डेमोना चांगली आहे असंच मला वाटतं, आणि तरी, निसर्ग स्वतःची वाट चुकून... एवढ्यावर इयागो त्याला तोडतो : हां, तोच तर मुद्दा आहे! आणि तिचा देश, तिचा रंग, तिची पायरी सोडून तिने तुम्हाला निवडलं हे कसं अनैसर्गिक, ते पुढे घडाघडा बोलतो. वाक्य सुरू कोणी केलं? ऑथेल्लोने. आणि त्याच्याकडे ते कुठून आलं? पुन्हा ब्रॅबॅन्शिओ. निसर्ग इतका वाट चुकेल कसा, जादूटोणाच असणार, हे दरबारात त्यानेच म्हटलं होतं. सासऱ्याचा तो शेरा ऑथेल्लोने सगळ्या सिनेटसमोर शांतपणे ऐकून घेतला, उत्तरही सुंदर दिलं, आणि तो आत कुठेतरी तसाच राहिला. इयागोने फक्त संपवू दिलं नाही.

हे दिसल्यावर मागची पानं पुन्हा चाळली. नाव गेलं, अब्रू गेली म्हणून कॅसिओ रडतो तेव्हा इयागो त्याला सांगतो की अब्रू ही पोकळ गोष्ट, असली काय नि गेली काय. आणि इथे ऑथेल्लोला सांगतो की माझी थैली चोरली तर कचरा चोरला, पण नाव चोरलं तर मी भिकेला लागलो. हा दागिना कॅसिओच्या अश्रूंतून उचललेला आहे. बाहेरून काही आणायची याला गरजच पडत नाही. समोरचे सांडतात, हा वेचतो.

लाल रंग येतो तो मानगूट धरल्यानंतर. कॅसिओ झोपेत बरळला, मी दाढदुखीने जागा होतो, असं स्वप्न. मग ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेला रुमाल कॅसिओच्या हातात पाहिला, ही थाप. तोवर काम झालेलं असतं.

२७ जून
इयागोची बायको एमिलिया, तिचं काम वाचणारीने विचारलं, रंग वगैरे ठीक आहे, पण हे ऑथेल्लोला एकदाही कसं सुचत नाही की या दोघांना वेळ मिळालाच कधी? बरोबर आहे. कॅसिओ एका जहाजाने आला, डेस्डेमोना दुसऱ्या, तीही इयागोच्याच सोबतीने, ऑथेल्लो तिसऱ्या. उतरले त्या रात्री उत्सव आणि मारामारी, दुसऱ्या दिवशी संशय, त्याच रात्री खून. आणि मध्येच कॅसिओची मैत्रीण बियांका त्याला म्हणते की आठवडाभर तोंड दाखवलं नाहीस, एकशे अडुसष्ट तास झाले. नाटकात दोन घड्याळं आहेत हे एकोणिसाव्या शतकापासून बोललं जातंय.

माझं म्हणणं, लांब घड्याळ प्रेक्षकाला पटावं म्हणून आणि आखूड घड्याळ इयागोला हवं म्हणून. नवरा-बायकोने एक दुपार निवांत बोलून काढली तर याचं दुकान बंद. म्हणून आम्ही कात्री लावताना प्रवेशांमधली विश्रांती आधी कापणार. मध्यंतरही तिसऱ्या अंकाच्या मध्ये नाही, दुसऱ्याच्या शेवटी.

१ जुलै
रुमाल. चिंथिओच्या गोष्टीत निशाणबरदाराची तीन वर्षांची मुलगी आहे. डिस्डेमोना तिला मांडीवर घेते तेव्हा हा तिचा रुमाल हळूच काढतो. शेक्सपिअरने मुलगी गाळली, चोरीही गाळली. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय, डेस्डेमोना त्याला रुमाल बांधू बघते, लहान आहे म्हणून तो झटकतो, रुमाल पडतो. पाडणारा ऑथेल्लो, उचलणारी एमिलिया. इयागोच्या हातात तो आपसूक येतो. समीक्षक टॉमस रायमरने १६९३ मध्ये या रुमालाची यथेच्छ टिंगल केली होती. बायकांनी आपले कपडेलत्ते नीट सांभाळावेत हा या नाटकाचा धडा म्हणे. खडूस माणूस, पण वाचायला मजा येते.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची ओळ. रुमाल कुठे पडला असेल गं, असं डेस्डेमोना विचारते आणि एमिलिया म्हणते, मला नाही माहीत. ही ओळ लाल, आणि इयागोची नाही. आमची एमिलिया ती घाईघाईत वाचायची. तिला म्हटलं, सावकाश, या ओळीवर पुढचा खून उभा आहे. तिचं उत्तर : बाईला तेव्हा हे माहीत नाही ना, मग मी सावकाश का वाचू? तिचंच खरं. घाईघाईतच राहू दे.

५ जुलै
इयागो कसा वाचायचा, यावर अखेर तोडगा. १८८१ मध्ये लंडनच्या लायसियममध्ये एडविन बूथ आणि हेन्री आयर्विंग हे दोन नट आलटून-पालटून ऑथेल्लो आणि इयागो करत. बूथचा सल्ला नोंदलेला आहे : खलनायकाचा अभिनय करू नका, तसे दिसू नका, गुरगुरू नका, फक्त मनात सतत तो विचार चालू ठेवा. मराठी प्रेक्षकाला हा खल ‘ऑथेल्लो’वर बेतलेल्या देवलांच्या ‘झुंजारराव’पासून (१८९०) परिचयाचा आहे, तेव्हा वेगळी ओळख करून द्यायची गरज नाहीच. आमच्या वाचकाने आज तिसरा अंक अगदी काळजीच्या सुरात वाचला, आजारी मित्राशी बोलावं तसा. अंगावर काटा आला. फक्त स्वगतं तो अजून जरा जास्त मजेत वाचतो. चालेल, इयागोही मजेतच असतो.

९ जुलै
चौथ्या अंकातला एक तुकडा कापलेल्या पानांत गेला होता, तो भांडून परत आणला. ऑथेल्लोने डेस्डेमोनाला वेश्या म्हटलंय. ती इयागोलाच विचारते की नवऱ्याला परत कसं मिळवू? शेजारी एमिलिया भडकलेली. म्हणते, कोणीतरी हलकट, चुगलखोर, वरची जागा मिळवायला टपलेला माणूस यामागे नसेल तर मला फाशी द्या. वर्णन तंतोतंत, आणि वर्णन केलेला माणूस दोन हातांवर. तो म्हणतो, छे, असा माणूस असूच शकत नाही. मग डेस्डेमोनाला : रडू नका, सगळं ठीक होईल. या तुकड्यात त्याला याहून फारसं बोलायला लागत नाही.

इथे प्रेक्षक हसतील. हसू दे.

१३ जुलै
शेवटचा प्रवेश बसवला. खून झाल्यावर ऑथेल्लो एमिलियाला सांगतो की तुझ्या नवऱ्यालाच सगळं ठाऊक होतं. ती म्हणते, माझा नवरा? तो पुन्हा सांगतो. ती पुन्हा, माझा नवरा? पुन्हा, माझा नवरा? ऑथेल्लो चिडतो, हे काय सारखं तेच. तिसऱ्या अंकात इयागोने शब्द परत करून ज्याला घेरलं, त्याच माणसाला आता तीही शब्दच परत करतेय. फरक इतकाच की ती खरंच विचारतेय. दोन्ही ठिकाणी एकाच लयीत वाचून बघितलं. अति होतं, लगेच कळतं की आम्ही काही दाखवतोय. एमिलियाने आपल्या चालीने वाचावं, ज्याला ऐकू येईल त्याला येईल.

इयागोची शेवटची ओळ : मला काही विचारू नका, तुम्हाला माहीत आहे ते माहीत आहे, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. आता सांडणारे कोणी उरले नाहीत, तर बोलणार काय?

शेवटचा वाद कात्रीचा. रॉडेरिगोच्या खिशात सापडलेले कागद, व्हेनिसहून आलेला लोडोव्हिको वाचून दाखवतो ते. दिग्दर्शक म्हणतो, ऑथेल्लो मरायच्या उंबरठ्यावर असताना हा पंचनामा कोण ऐकणार, काढून टाक, बरेच जण काढतात. मी नाही म्हटलं. अख्ख्या नाटकात इयागोविरुद्धचा लेखी पुरावा एवढाच. तो ऑथेल्लोकडे नाही, कॅसिओकडे नाही, ज्याला इयागोने नुसती पैशाची थैली समजून वापरलं त्याच्या खिशात आहे. शिवाय कॅसिओ सांगतो की मेला असं समजलेला रॉडेरिगो उशिरा शुद्धीवर येऊन बोलला : मारलं इयागोने, चिथावलंही त्यानेच. कागद राहिले. त्या बदल्यात विदूषकाचे दोन्ही प्रवेश गेले, त्याबद्दल कोणी रडलं नाही.

रॉडेरिगो वाचणाऱ्याला शेवटच्या प्रवेशात काम नव्हतं, तो लवकर निघायचा. आता थांबेल. कागद वाचताना लोडोव्हिकोने ते त्याच्या टेबलावरून उचलायचे.